रोजच्या पैशाला वेगळा कप्पा द्या: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना भिंगारहून पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,


मी भिंगारमध्ये किराणा दुकान चालवते. भिंगार म्हणजे अहिल्यानगर शहराला खेटून असलेलं छावणीचं गाव. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर ही लष्कराची दोन मोठी केंद्रं आमच्या शेजारी आहेत. त्यामुळे दुकानात देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेले जवान आणि त्यांची कुटुंबं येतात, निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिलेले हवालदार-सुभेदार येतात, आणि पिढ्यान् पिढ्यांचे भिंगारकर तर येतातच. या सगळ्यांच्या रोजच्या पैशाबद्दल, म्हणजे दुधाच्या, भाजीच्या, रिक्षाच्या, औषधाच्या पैशाबद्दल, मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मागणी आधीच सांगते. मोबाइलवरून पैसे देणं सुरक्षित आहे, रोखीपेक्षा आणि कार्डापेक्षाही सुरक्षित आहे, असं माझं ठाम मत आहे. पण आज दहा रुपयांच्या कोथिंबिरीचे पैसे ज्या दारातून जातात, त्याच दारातून माणसाची जन्माची शिल्लकही बाहेर जाऊ शकते. रोजचा खर्च आणि साठवलेली पुंजी यांच्यामध्ये स्वतःच्या हाताने भिंत घालायचा हक्क प्रत्येक खातेदाराला मिळावा, एवढंच मागण्यासाठी हे पत्र आहे.

रोखीच्या दिवसांची मला ओढ नाही. गल्ल्यात पाचशेची खोटी नोट निघाली की नुकसान दुकानदाराचं, कारण बँकेत नेली तर ती जप्त होते आणि बदल्यात काही मिळत नाही. दिवसाची रक्कम रात्री घरी न्यायची, सकाळी भरण्याच्या रांगेत उभं राहायचं, मध्ये एसटी स्टँडवर गर्दी असेल तर पिशवी पोटाशी धरायची. सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर गोळ्या ठेवायच्या. आता गिऱ्हाईक विचारतं, ‘ताई, स्कॅनर कुठंय?’ आणि काउंटरवरचा साउंडबॉक्स किती रुपये आले ते मोठ्याने सांगतो. त्या छोट्या डब्याने दुकानदाराचं फार मोठं काम केलं आहे. ‘पैसे पाठवले, हे बघा’ म्हणत बनावट स्क्रीनशॉट दाखवणारे होते आणि अजूनही आहेत. गर्दीच्या वेळी तो स्क्रीनशॉट खरा की खोटा हे ओळखायला सवड नसते. डबा बोलला नाही तर माल द्यायचा नाही, असा नियम आता आमच्या ओळीतल्या सगळ्याच दुकानांत झाला आहे.

यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत सुरू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. इतक्या लोकांनी ज्यावर विश्वास टाकला आहे त्याचं कुलूप किती पक्कं आहे, हे मी शेजारपाजारच्या वयस्कर मंडळींना समजावून सांगत असते, कारण भीती बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे असते.

त्यांना मी असं सांगते. अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो. त्यावरून बँकेला कळतं की खात्याशी नोंदवलेलं सिम याच फोनमध्ये आहे. यापुढे तुमचं खातं त्या सिमशी आणि त्या फोनशी बांधलं जातं. दुसऱ्या कुणाला तुमचा पिन ठाऊक झाला, तरी त्याच्या स्वतःच्या फोनवर त्याचा काही उपयोग नाही. पिन टाकायचं पान फोनपेचं नसतं आणि गुगल पेचंही नसतं. ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सगळ्या अ‍ॅपना दिलेलं एकच पान आहे. तिथे टाकलेला पिन फोनमध्येच सांकेतिक रूप घेतो आणि तसाच बँकेपर्यंत पोहोचतो. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला तो दिसत नाही. आणि समोरच्या दुकानदाराला काय दिसतं? तुमचं नाव आणि आलेली रक्कम. खाते क्रमांक नाही, शिल्लक नाही, सही नाही. चेक दिला तर खाते क्रमांक, शाखा आणि सही हे सगळं एका कागदावर परक्याच्या हाती जातं, आणि चेक लिहिताना आपण कधी घाबरलो नाही.

कार्डाची गोष्ट आणखी वेगळी होती. जुन्या कार्डाच्या काळ्या पट्टीवर सगळी माहिती उघडी असायची. पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात ते क्षणभर दुसऱ्याच्या हातात गेलं तरी त्याची नक्कल होऊ शकत होती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा या नकलांचं बळ सगळ्यांना दिसलं. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव केला आणि नक्कल केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. पुढे हाँगकाँगच्या एका खात्यातही रक्कम वळवली. सगळं मिळून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. १९०६ सालची, पुण्यातली नावाजलेली सहकारी बँक ती. आमच्या नगरमध्ये तेव्हा लोक सहकारी बँकांच्या काउंटरवर जाऊन विचारत होते, ‘आपल्याकडे असं होईल का?’

तुमच्या बँकेचे त्यानंतर अमलात आलेले निर्णय योग्य होते, हे मला इथे नमूद करायचं आहे. पट्टीच्या कार्डांच्या जागी चिपची कार्डं आली. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना ग्राहकाचा कार्ड क्रमांक स्वतःकडे साठवायला बंदी झाली आणि त्याऐवजी एक पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, वापरलं जाऊ लागलं. ते टोकन त्या दुकानाबाहेर चालत नाही, त्यामुळे चोरीला गेलं तरी निरुपयोगी. मोबाइल पाकिटातून कार्ड टेकवून पैसे देतानाही हेच तत्त्व असतं: खरा क्रमांक दुकानापर्यंत पोहोचतच नाही. ३० जून २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसावं असा नियम झाला. त्याआधी फोनमध्ये ‘मेजर साहेब’ म्हणून सेव्ह केलेला नंबर पडद्यावरही मेजर साहेबच दिसायचा.

मेजर साहेबांचा उल्लेख मी मुद्दाम केला. भिंगारमध्ये लष्कराकडून मोठी ऑर्डर येणं ही नवलाची गोष्ट नाही. छावणीत कार्यक्रम असतो, पासिंग आउट परेड असते, पाहुणे येतात, मिठाई लागते, पाण्याच्या पेट्या लागतात. इथल्या कित्येक दुकानांचा संसार या ऑर्डरींवर उभा आहे. गणवेशावरचा विश्वास आमच्या अंगवळणी पडलेला आहे, आणि तो योग्यही आहे. ठगांनी नेमका तोच हेरला आहे.

फोन येतो. हिंदीतून, आवाज रुबाबदार, वाक्यं तुटक. ‘कॅम्प से बोल रहा हूँ.’ अमुक इतका माल तयार ठेवा, गाडी पाठवतो. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कधी कॅन्टीनचं कार्डही येतं. दुकानदार माल बांधायला घेतो. मग तो माणूस म्हणतो, पैसे आत्ताच देतो, पण आर्मीची पेमेंटची पद्धत वेगळी असते, आधी तुमचं खातं तपासावं लागतं. एक क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, रक्कम तुमच्या खात्यात येईल. कधी आधी पाच-दहा रुपये खरंच पाठवतो, म्हणजे विश्वास बसावा. दुकानदार पिन टाकतो आणि रक्कम येण्याऐवजी जाते. ‘चूक झाली, परत करतो, पुन्हा स्कॅन करा.’ पुन्हा जाते. जुनी मोटारसायकल किंवा फर्निचर विकण्याच्या जाहिरातींत ‘बदली झाली म्हणून स्वस्तात विकतो आहे’ म्हणणारा जवानही याच जातीचा. देशभर हे चालतं, पण छावणीच्या गावात ते जास्त पटतं, कारण इथे खरे जवान खरोखर बदलून जातात आणि खरोखर मोटारसायकली विकतात.

असा फोन मलाही आला होता. बिस्किटांचे आणि पाण्याचे बॉक्स हवे होते. मी म्हटलं, गाडी आली की रोख द्या. फोन बंद झाला. पण दुकानात दहा माणसं असताना, दिवाळीच्या तोंडावर, मोठी ऑर्डर हातची जाईल या धास्तीत असलेल्या माणसाला ते सुचेलच असं नाही, आणि म्हणून त्याला मूर्ख म्हणणं मला मान्य नाही.

महोदय, या सगळ्या प्रसंगात कुलूप कुठेच मोडलेलं नाही, हे बघा. सिम खरं, फोन खरा, पिन खरा, मालक खरा. मालकानेच दार उघडलं. म्हणून सुरक्षितता वाढवायची म्हणजे कुलूप आणखी जाड करायचं, हा विचार एका मर्यादेनंतर अपुरा पडतो. तुम्ही १ एप्रिल २०२६ पासून पडताळणीचे नवे नियम लागू केले आहेत, आणि नुसत्या एसएमएसच्या ओटीपीवर विसंबण्याचे दिवस मागे पडत आहेत, हे चांगलंच आहे. लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओच्या दंडाच्या नावाने एपीके फाइल पाठवून एसएमएस वाचणाऱ्या टोळ्यांना त्याने आळा बसेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशाची ‘मागणी’ पाठवायची सोय बंद झाली. तीही या ठगांची आवडती खिडकी होती. खिडक्या बंद होत राहतील आणि ठग नवी भिंत पोखरत राहतील. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. फसलेल्या माणसाने दार उघडलंच, तर दाराच्या आत किती असावं?

आमच्या आजीकडे कमरेला बटवा असायचा आणि घरात लोखंडी ट्रंक. बटव्यात बाजारापुरते पैसे, ट्रंकेत बाकीचे. बटवा मारला गेला तर आठवड्याचा बाजार जायचा, घर जात नव्हतं. आज आपण काय केलं आहे? निवृत्त सुभेदारांच्या पेन्शनचं खातं, ज्यात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसेही आहेत, तेच यूपीआयला जोडलेलं असतं. ते माझ्याकडे शेंगदाणे घ्यायला येतात आणि पन्नास रुपयांसाठी त्या सगळ्या रकमेचं दार उघडतात. दिवसातून चार वेळा उघडतात. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा एक लाख रुपयांची आहे, म्हणजे पिन एकदा चुकीच्या माणसासाठी टाकला की एका फटक्यात एक लाख जाऊ शकतात.

पाकीट ही कल्पना इथेच मोलाची ठरते. ती सोयीसाठी आली असं सगळे समजतात, पण तिची खरी ताकद ती पातळ असण्यात आहे. यूपीआय लाइट हे त्याचं उत्तम उदाहरण. सप्टेंबर २०२२ मध्ये ते सुरू झालं. पिन टाकून खात्यातून थोडी रक्कम या पाकिटात घ्यायची, आणि मग छोटे व्यवहार त्यातून पिनशिवाय करायचे. सुरुवातीला पाकिटात २,००० रुपयांपर्यंत ठेवता येत, २०२४ च्या अखेरीस ती मर्यादा ५,००० झाली आणि एका व्यवहाराची १,०००. पिन नाही म्हणून लोक घाबरतात. मला वाटतं पिन नसणं हाच मोठा फायदा आहे. दिवसभर भाजीवाल्यासमोर, रिक्षात, रांगेत पिन टाकत राहिलं की तो मागून कुणीतरी बघतो आणि आपल्या बोटांनाही विचार न करता पिन टाकायची सवय लागते. ठगाला नेमकी तीच सवय हवी असते. रोजचे व्यवहार पिनशिवाय झाले, तर पिनचं पान समोर येणं हाच थांबायचा इशारा ठरेल: आता मोठ्या पैशाला हात लागतो आहे.

फोन हरवला तर काय, हा प्रश्न रास्त आहे. फोनचं लॉक कुणी उघडू शकला, तर पाकिटातले पैसे तो खर्च करू शकतो. खिशातलं पाकीट हरवलं तर जेवढं जातं तेवढंच इथे जाईल, फार तर पाच हजार. त्या भीतीपायी पेन्शनचं खातं रोज उघडं ठेवणं हा सौदा मला पटत नाही.

पाकीट पातळच असावं याला आणखी एक कारण आहे आणि आमच्या जिल्ह्याला ते सांगावं लागत नाही. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तुमच्या बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. १९१० सालची बँक. बहुसंख्य ठेवीदारांची रक्कम पाच लाखांच्या ठेव विम्यात बसणारी होती, पण ज्यांच्या ठेवी त्याहून मोठ्या होत्या त्यांची घरं मी पाहिली आहेत. त्या धक्क्यानंतर ‘बँकेत नको, मोबाइलमध्येच ठेवू’ असं म्हणणारी माणसंही मला भेटली. त्यांना मी सांगते की खासगी कंपनीच्या मोबाइल पाकिटातल्या शिल्लकीला ठेव विमा नाही. त्या कंपन्यांना ग्राहकांचे पैसे बँकेत वेगळ्या राखीव खात्यात ठेवावे लागतात हे खरं, पण विमा तो विमाच. जानेवारी २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेवर तुम्ही कारवाई केलीत आणि १५ मार्चनंतर तिच्या पाकिटात नवे पैसे भरता येईनात. तेव्हा दुकानादुकानांतले स्टिकर बदलताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं की पाकीट ही साठवणीची जागा नाही.

मग भिंगारमध्ये आम्ही काय करतो? शेजारच्या वयस्कर मंडळींना मी एक उपाय सांगत असते. पेन्शनचं किंवा ठेवीचं खातं यूपीआयला जोडूच नका. दुसऱ्या बँकेत एक लहान खातं उघडा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊन उघडून देतो. सप्टेंबर २०१८ पासून ही सेवा आहे, आणि पोस्टमनवर आमच्याकडे अजून विश्वास आहे. यूपीआयला फक्त तेच खातं जोडा, महिन्याच्या सुरुवातीला त्यात घरखर्चापुरते पैसे टाका, बाकीच्या रकमेला फोनचा वाराही लागू देऊ नका. ज्यांनी असं केलं ते आता निर्धास्तपणे स्कॅन करतात. त्यांची मुलं पुण्याहून फोन करून ‘आई, पिन टाकू नकोस’ असं रोज बजावत नाहीत.

पण हा उपाय आम्ही आमच्या बुद्धीने काढलेला आहे. त्यासाठी दुसरं खातं, दुसरं पासबुक, दुसऱ्यांदा केवायसी करावी लागते. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, त्यांना हे जड जातं. जे आम्ही आडमार्गाने मिळवतो ते तुम्ही सरळ मार्गाने देऊ शकता, आणि तसं तुम्ही एकदा केलेलंही आहे.

१५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने तुम्ही सगळ्या बँकांना सांगितलं की कार्ड चालू-बंद करायची आणि प्रत्येक प्रकारच्या व्यवहाराला स्वतःची मर्यादा घालायची सोय ग्राहकाला द्या. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून ते लागू झालं. तेव्हापासून माझं कार्ड परदेशात चालू नये, ऑनलाइन चालू नये, एटीएममधून दहा हजारांवर पैसे देऊ नये, हे मी ठरवते. यूपीआयला हाच हक्क का नसावा? काही बँका आणि अ‍ॅप आपापल्या परीने मर्यादेची सोय देतात, पण ती कुणाकडे आहे, कुणाकडे नाही, कुठल्या पानावर दडली आहे, हे सांगता येत नाही. नियम झाला तर प्रत्येक खातेदार, मग तो राष्ट्रीयीकृत बँकेचा असो की नगरमधल्या लहान सहकारी बँकेचा, एका बटणाने म्हणू शकेल: माझ्या या खात्यातून यूपीआयने दिवसाला इतकेच जातील, किंवा या खात्यातून फक्त लाइटच्या पाकिटात पैसे जातील, बाहेर कुणालाही नाही. आणि ही मर्यादा वाढवायची असेल तर ती लगेच वाढू नये. एक दिवस जाऊ द्यावा, किंवा शाखेत यावं लागावं. फोनवर बसलेला ठग माणसाला मर्यादाही वाढवायला लावेल. त्याच्यापाशी नसतो तो वेळ. घाई हेच त्याचं भांडवल आहे.

मर्यादा किती असावी याचं उत्तर तुमच्याच नियमांत लपलेलं आहे. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले चोवीस तास ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. लाइटच्या पाकिटाची मर्यादा ५,०००. पिनशिवाय टेकवून चालणाऱ्या कार्डाची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५,०००. घरातल्या दुसऱ्या माणसाला आपल्या खात्यातून खर्च करू देणाऱ्या यूपीआय सर्कलमध्ये एका व्यवहाराची मर्यादा ५,००० आणि महिन्याची १५,०००. चार वेगवेगळ्या वेळी, चार वेगवेगळ्या कामांसाठी नियम करणाऱ्यांचा हात एकाच आकड्यावर थांबला. सर्वसाधारण घरच्या रोजच्या खर्चाचा तोच आवाका आहे, आणि माझ्या उधारीच्या वहीवरूनही मी तेच सांगेन. साठ वर्षांवरच्या खातेदारांना यूपीआय जोडून देताना सुरुवातीची मर्यादा हीच ठेवावी. ज्यांना जास्त हवी ते मागून घेतील.

यूपीआय सर्कलचा उल्लेख आला म्हणून सांगते, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ही सोय भिंगारसारख्या गावासाठीच केली असावी असं वाटतं. इथली मुलं पुण्याला, मुंबईला, किंवा सीमेवर. आईवडील इथे. मुलाच्या खात्यातून आई औषधं घेऊ शकते, आणि हवं असेल तर प्रत्येक व्यवहाराला मुलाची संमती लागेल असंही करता येतं. ठगाने आईला गाठलं तरी शेवटचं बटण मुलाच्या हातात. पण माझ्या गिऱ्हाइकांत ही सोय वापरणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. बँकेच्या शाखांत तिची माहिती मराठीत, मोठ्या अक्षरात भिंतीवर असायला हवी. अमिताभ बच्चन जाहिरातीतून सावध राहायला सांगतात, ते लोकांनी ऐकलं आहे. आता सावध राहायचं म्हणजे फोनमध्ये नेमकं काय करायचं, हे दाखवणारा माणूस काउंटरवर हवा. अ‍ॅपची भाषा मराठी करता येते, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं. पिनच्या पानावर इंग्रजीत ‘सेंडिंग’ लिहिलेलं असतं, आणि ज्याला ते वाचता येत नाही त्याला ठग सांगतो ते खरं वाटतं. त्या पानावर खातेदाराच्या भाषेत, रकमेइतक्याच मोठ्या अक्षरात ‘तुमच्या खात्यातून पैसे जात आहेत’ असं लिहिणं बंधनकारक करा. ते एकच सामायिक पान आहे, त्यामुळे एका ठिकाणी बदललं की देशभर बदलेल.

आता फसवणूक झाल्यानंतरचं. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तुम्ही ग्राहकाला मोठं संरक्षण दिलंत, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांच्या ग्राहकांनाही दिलंत. बँकेचा दोष नाही, ग्राहकाचाही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेची. हे नियम चांगले आहेत, पण ते चोरीसाठी आहेत. त्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. गणवेशातल्या फोटोला भुलून ज्याने स्वतः पिन टाकला, त्याच्यासाठी उरतो तो १९३० हा नंबर. तिथे तक्रार लगेच नोंदवली तर पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी गोठवता येतात. पण फसलेला माणूस आधी लाजेने तास-दोन तास गप्प बसतो, मग मुलाला फोन करतो, मग बँकेत येतो आणि मग पोलीस ठाण्यात जातो. तोवर रक्कम चार खाती ओलांडून गेलेली असते, आणि त्यातली काही खाती थोड्या पैशांसाठी भाड्याने दिलेल्या कॉलेजच्या पोरांची असतात.

म्हणून भिंतीची मागणी आणखी महत्त्वाची आहे. गेलेला पैसा परत आणणारी यंत्रणा कितीही सुधारली, तरी ती पैशाच्या मागे धावणारी आहे. मर्यादा आधीच घातलेली असेल तर जिच्यामागे धावायचं ती रक्कमच लहान असते. पाच हजार गेले तर माणूस हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. मुलीच्या लग्नाचे चार लाख गेले तर तो फोनच फेकून देतो, घरातल्या सगळ्यांना स्कॅन करायची बंदी करतो, आणि पुन्हा गादीखाली नोटा ठेवू लागतो. अशी घरं प्रत्येक गावात आहेत. मोबाइलच्या पैशावरचा विश्वास उडाला तर तो एका घरापुरता राहत नाही, गल्लीभर पसरतो.

आपल्याकडून तीन गोष्टी व्हाव्यात. यूपीआय जोडलेल्या प्रत्येक खात्याला ग्राहकाने स्वतः घालायची मर्यादा आणि ‘फक्त पाकिटापुरतं’ हा पर्याय, सगळ्या बँकांना सक्तीचा, आणि ती मर्यादा वाढवायला एका दिवसाचं अंतर. पिनच्या पानावर खातेदाराच्या भाषेत स्पष्ट वाक्य. आणि पेन्शन जमा होणाऱ्या खात्याला यूपीआय जोडताना लाइटचं पाकीट आणि सर्कलची सोय शाखेतल्या कर्मचाऱ्याने समजावून देणं, ते समजलं म्हणून खातेदाराची सही घेणं.

आमच्या बाजूने आम्ही काय करू तेही लिहिते. आमच्या ओळीतल्या दुकानांत साउंडबॉक्सशेजारी एक पाटी लावायची आहे: ‘पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. लष्कराची ऑर्डर असेल तर माणूस आणि कागद दाखवा.’ छावणीच्या अधिकाऱ्यांना आणि भिंगार कॅम्प पोलीस ठाण्याला मी या पत्राची प्रत देते आहे. छावणीकडून खरोखर खरेदी होते तेव्हा ती कोण करतं आणि कशी करतं, याची माहिती त्यांनी दुकानदारांना एकदा बसवून द्यावी, अशी विनंती त्यात केली आहे. या कामात तुमच्या बँकेचा एखादा अधिकारी भिंगारला आला, तर दुकानदारांना जमवायची जबाबदारी माझी.

कळावे.

आपली नम्र,
भिंगारमधील एक किराणा दुकानदार